खुर्ची हलवू नये

४ मार्च

दाजी,

पत्राच्या माथ्यावर 'साष्टांग नमस्कार' लिहायची हाताला सवय आहे, ती आज मोडली. फोन तुम्ही उचलत नाही. म्हणून दर पंधरा दिवसांनी यंत्राच्या कागदी पट्ट्यांचं जे पाकीट तुमच्याकडे इथून जातं, त्यातच हे पत्र घालतोय. पट्ट्यांसाठी तरी पाकीट फोडालच.

ताई आहे तशीच आहे. श्वास तिचा तिचा चालतो. डोळे सकाळी उघडतात, जेवणवेळेनंतर मिटतात, आणि उघडे असले तरी कुठेच बघत नाहीत. तिच्या मेंदूत रक्तस्राव झाला त्याला पुढच्या महिन्यात तीन वर्षं होतील. तुम्हाला इथून त्या संशोधन केंद्रात जाऊन सोळा महिने झाले. तुम्ही तिचे नवरेच आहात, तुम्हाला हे सांगायला नको. पण हल्ली तुमच्या पत्रांत ताईचा उल्लेख 'रुग्ण' असा येतो, म्हणून आठवण करून दिली.

लिहायचं कारण तुमची लेक. आपल्या भिंगरीला समुद्राचा तळ मोजणाऱ्या त्या जहाजावरून पुन्हा बोलावणं आलंय. गेल्या वर्षी आलं होतं तेव्हा तुमच्या एका ओळीवर तिने नकार कळवला: 'आई तुलाच सर्वांत स्पष्ट प्रतिसाद देते.' या वेळी पंधरा एप्रिलपर्यंत होकार द्यायचाय आणि तेवीसला जहाज सुटणार. तिसऱ्यांदा विचारणार नाहीत, असं त्यांनी साफ लिहिलंय. ते पत्र तिने मला दाखवलं, घडी केली आणि पट्ट्यांच्या खोक्याखाली सरकवून टाकलं. मी म्हटलं, "अगं, जा की!" तर म्हणाली, "मामा, दहाची वेळ झाली."

लहानपणी ही पोरगी एका जागी दोन मिनिटं बसायची नाही म्हणून मी तिला भिंगरी म्हणायला लागलो. आता सकाळी दहाला आणि दुपारी चारला, रोज, ती ताईच्या उशाशी बसते. कानाजवळ तोंड नेऊन हाक मारते. दाराजवळच्या यंत्राचं पेन कागदावर वर जातं. मग ती पट्टी फाडते, तारीख-वेळ घालते आणि तुमच्यासाठी ठेवते. सव्वीस वर्षांची झाली. तिच्या मैत्रिणी हल्ली घरी येत नाहीत.

तिला लिहा की तू जा. एवढंच हवंय. तुमचं ती ऐकते, माझं ऐकत नाही. मी तर नुसता मिस्त्री.

लोभ असावा असं लिहीत नाही. असता तर लिहावं लागलं नसतं.


१९ मार्च

दाजी,

उत्तर आलं! सोळा महिन्यांत पहिल्यांदा माझ्या नावावर पाकीट आलं, बायकोला वाटलं कुणीतरी गेलं.

तुम्ही लिहिता, नोंदींची मालिका खंडित होता कामा नये. तुम्ही लिहिता, सप्टेंबरात केंद्राचे निरीक्षक येणार, तोवर भिंगरीने हलू नये. आणि शेवटी तो टोला: 'मिस्त्री, विज्ञानाच्या मर्यादेवर उभं राहायला धीर लागतो. तो सगळ्यांकडे नसतो.' वा! उंटावरून शेळ्या हाकायला मात्र काही लागत नाही. मऊ उशी तिथे, व्याख्यानं तिथे, टाळ्या तिथे. इथे बेडसोअरला मलम आम्ही लावतो.

तुमचं मत मला पाठ आहे, तुम्हीच माझ्या कामाच्या टेबलावर बसून दहा वेळा सांगितलंय. मेंदूच्या पेशींच्या आत बारीक नळ्या. त्या नळ्यांत कण एकाच वेळी इकडेही असतो आणि तिकडेही. मग एका क्षणी त्याचं काय ते ठरतं, आणि तो ठरण्याचा क्षण म्हणजेच जाणीव. बाकी मेंदू गप्प झाला तरी नळ्यांतलं हे काम चालू राहू शकतं. ताईच्या डॉक्टरांनी तुमच्या तोंडावर सांगितलं होतं, की मेंदू गरम आणि ओला, असली नाजूक अवस्था तिथे डोळ्याचं पातं लवेपर्यंतसुद्धा टिकत नाही. तुम्ही हसलात. म्हणालात, ही तुमच्या विज्ञानाची मर्यादा. तुमचं हे बरं आहे. पटलं तर ते विज्ञान, नाही पटलं तर ती विज्ञानाची मर्यादा. छापा पडला तरी तुमचा, काटा पडला तरी तुमचा.

आता माझं ऐका. आणि हे वाचताना बसून घ्या.

तुम्ही स्वतः त्या खोलीच्या दारावर पाटी लावलीत: 'लोखंड बाहेर.' ताईच्या डोक्याशी टांगलेलं, दाराजवळच्या पेनाला तारेने जोडलेलं ते यंत्र मी बनवलंय. चुंबकाचा केसाएवढा बदल त्याला कळतो, म्हणून किल्ल्या, घड्याळं, पट्ट्याची बक्कलं, सगळं दाराशी ताटात. पलंग लाकडी खुंट्यांचा करून घेतला. भिंगरीने कपड्यांचे हूक काढून नाड्या लावल्या. बसायला लाकडी स्टूल. तीन आठवडे पेनाने सरळ रेघ काढली, आठवतंय? रोज दोनदा, पट्टीने आखल्यासारखी. मग भिंगरीची पाठ धरली, आणि मी माझ्या घरातली खुर्ची आणून दिली. वरून लाकूड आणि कापड. त्याच आठवड्यात पेन पहिल्यांदा वर गेलं आणि तुम्ही मला मिठी मारलीत.

दाजी, त्या खुर्चीच्या गादीत स्प्रिंगा आहेत. पोलादी. बसलेला माणूस ताईच्या कानाशी वाकला की गादी दबते, स्प्रिंगा सरकतात आणि पेन वर जातं. माणूस सरळ झाला की खाली येतं. एवढंच आहे ते सगळं.

तुम्ही ताईवरच्या पुस्तकात अख्खं प्रकरण लिहिलंय की रुग्ण फक्त आपल्या माणसांना ओळखते, नर्सच्या हाकेला पेन हलत नाही. अहो, नर्सबाई उभ्याने हाक मारतात! त्यांना खुर्चीत बसायला सवड कुणी दिली होती?

मला हे गेल्या महिन्यात कळलं. नर्सबाईंचा गुडघा सुजला होता, म्हणून ताईच्या हातांना तेल चोळायला त्या पहिल्यांदाच खुर्चीत बसल्या. वाकल्या, आणि पेन वर. दोन वर्षं ती बाई मला म्हणत होती, "मी एवढं अंग पुसते, केस विंचरते, आणि मलाच ओळखत नाहीत होय?" त्या दिवशी ती रडायलाच लागली. "ओळखलं गं बाई मला!" भिंगरीने टाळ्या वाजवल्या. मी दारात उभा होतो.

आता तरी पोरीला मोकळं करा. मी सांगितलं तर तिला वाटेल मामा यंत्रावर चिडलाय. तुम्ही सांगितलं तर ती उठेल.


२ एप्रिल

दाजी,

तुमचं उत्तर दोनदा वाचलं. नर्सच्या बसण्याने काही सिद्ध होत नाही, कदाचित रुग्ण आता तिलाही ओळखू लागली असेल! धन्य आहे. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात, इथे सुंभसुद्धा जळायला तयार नाही. पुढे म्हणता, मुलीला इतक्यात काही सांगू नकोस. आणि खाली, वेगळ्या शाईत: 'फेब्रुवारीत कळलं, तर चार मार्चच्या पत्रात का लिहिलं नाहीस?'

हा प्रश्न चांगला विचारलात. त्याचं उत्तर देणं भाग आहे.

मला फेब्रुवारीत कळलं नाही. ते मी खोटं लिहिलं.

पेन पहिल्यांदा वर गेलं, त्यानंतरचा सातवा दिवस. तुम्ही बाहेरच्या खोलीत फोनवर कुणाला तरी मोठमोठ्याने सांगत होतात. मी ताईपाशी त्या खुर्चीत बसलो होतो. तिच्या औषधाच्या बाटलीचं झाकण खाली पडलं, प्लास्टिकचं. मी ते उचलायला वाकलो. हाक नाही, शब्द नाही, आणि दाराशी पेनाचा तो बारीक आवाज आला. मी सरळ झालो, पेन खाली. पुन्हा वाकलो. पाच वेळा वाकलो, दाजी. पाचही वेळा. मग त्या पट्टीचा तेवढा तुकडा फाडून खिशात घातला.

पंचवीस वर्षं मी कार्यशाळेत यंत्रं बनवतोय. हे कळायला मला पाच वेळा वाकायचीसुद्धा गरज नव्हती. आणि मी तोंडात मिठाची गुळणी धरून बसलो.

का, ते सांगतो. त्याच आठवड्यात डॉक्टर ताईच्या पोटातली अन्नाची नळी काढण्याविषयी बोलणार होते. पेन हललं आणि ते बोलणं थांबलं. आई गेली तेव्हा मी सहा वर्षांचा होतो, ताई पंधराची. तिने शाळा सोडली. मला भरवलं, मारलं, अभ्यासाला बसवलं. माझ्यापुढे ताट ठेवून काहीतरी सांगत राहायची आणि दर वाक्याला विचारायची, "ऐकतोस ना रे?" मी ऐकत नसायचो. तिची नळी काढायची की नाही यावर मी बसून चर्चा करणार? माझ्याने झालं नसतं. पेनाने ती वेळ टाळली आणि मी पेनाचे पाय धरले.

हे झालं चांगलं कारण. वाईट कारणही आहे. तुमच्या पुस्तकाच्या पहिल्या पानावर 'ज्याच्या हातांशिवाय हे शक्य नव्हतं' म्हणून मी आहे. ते पान मी कार्यशाळेत प्रत्येकाला दाखवलं. चहावाल्यालासुद्धा.

म्हणजे तुम्ही पुस्तक लिहायला बसलात त्याच्या आधीपासून मला माहीत होतं. थुंका माझ्यावर. पण त्याआधी पोरीला लिहा. मी भित्रा आहे, तुम्ही तिचे बाप आहात. तेरा दिवस उरलेत.


११ एप्रिल

दाजी,

या वेळी पाकिटाची वाट बघितली नाही, स्वतंत्र टपाल केलं.

तुमचं पत्र नाही. साहजिक आहे. म्हणून मी तुमची जुनी पत्रं काढून बसलो, भिंगरीला दाखवण्यासारखी एखादी मायेची ओळ सापडते का बघायला. बायको म्हणाली, "गवतात सुई शोधताय." खोक्यात सगळी पत्रं तारखेप्रमाणे लावलेली आहेत, भिंगरीचं काम. तुम्ही गेल्यानंतर दोन महिन्यांनी एक यादी पाठवली होती, 'नोंदी घेणाऱ्यासाठी सूचना'. वेळा, कागदाचा वेग, खोलीचं तापमान. सातवी सूचना: 'खोलीची मांडणी आहे तशी ठेवावी. खुर्ची हलवू नये. बदलू नये.'

'खुर्ची'खाली दोन रेघा.

पलंगाखाली रेघ नाही. यंत्राखालीसुद्धा नाही, आणि यंत्र बोटभर सरकलं तर सगळंच बिघडतं. मला वाटत होतं, मी तुम्हाला फसवलं. मी गेली दोन वर्षं त्या ओझ्याने वाकलोय, आणि तुम्हाला माहीत होतं! कुणी सांगितलं? का तुम्हीही कधी काहीतरी उचलायला वाकलात?

मी गप्प बसलो तो ताईसाठी आणि थोडा फुशारकीसाठी. तुम्ही कशासाठी? मला वाटायचं तुमचा निदान विश्वास तरी आहे. वेडा असेल पण खरा आहे, असं मी लोकांना सांगायचो. तेवढंच तुमच्याबद्दल माझ्याकडे शिल्लक होतं.

आणि एक सांगतो, तुम्हाला राग येईल. त्या डॉक्टरांनी मला जाताना जिन्यात काय सांगितलं माहितीये? म्हणाले, "'मी आहे' असं आतून वाटणं कुठून येतं, ते मला माहीत नाही. तुमच्या ताईंना ते वाटतंय का, तेही मला नक्की माहीत नाही." एवढा मोठा माणूस, जिन्यात उभा राहून 'माहीत नाही' म्हणाला. विज्ञानाची मर्यादा ती, दाजी. तिथे माणूस टोपी काढून उभा राहतो. तुम्ही तिथे खुर्ची टाकलीत आणि माझ्या भाचीला तिच्यावर बसवलंत.

आपण दोघांनी मिळून बसवलं असं वाचा.

उद्या तिला सांगतोय. हे पत्र तुमच्या परवानगीसाठी नाही.


२३ एप्रिल

दाजी,

भिंगरी गेली. काय काय झालं ते सांगतो, तुम्ही विचारणार नाही तरी.

बारा तारखेला चारची पट्टी झाल्यावर ती टेबलाशी बसून तारीख घालत होती. मी म्हटलं, "त्या खुर्चीच्या गादीत स्प्रिंगा आहेत गं." तिचं पेन थांबलं. हुशार पोर आहे, पुढचं वाक्य लागलं नाही. उठली, माळ्यावरचं लाकडी स्टूल काढलं, पुसलं, ताईपाशी ठेवलं. बसली, वाकली, "आई." रेघ सरळ. दहा वेळा हाक मारली. शेवटी शेवटी तिचा आवाज चढायला लागला, मला ऐकवेना. मग खुर्ची ओढली, तोंडातून शब्द न काढता नुसती वाकली. पेन वर.

"तुला कधीपासून माहितीये?" तिने विचारलं. मी खरं सांगितलं. खिशातला तो जुना तुकडा दाखवला. "आणि बाबांना?" मी तुमची यादी पुढे केली. सातवी सूचना वाचली, घडी घातली आणि परत जागेवर ठेवली. तारखेप्रमाणे.

तीन दिवस माझ्याशी बोलली नाही. पंधराला जहाजवाल्यांना होकार कळवला आणि मग स्वयंपाकघरात येऊन म्हणाली, "दोन वर्षं मी खुर्चीशी बोलत होते, मामा."

मी मूर्ख. समजूत घालायला गेलो. म्हटलं, "तसं नाही गं. पेन खोटं निघालं म्हणून ताई ऐकत नाही असं थोडंच आहे?"

"तेच तर," ती म्हणाली. "ती ऐकत नाही हेही तुला माहीत नाही. पेन होतं तेव्हा सोपं होतं, मी हाक मारायचे, ती ओ द्यायची. आता ती ऐकत असेल, तर मी जाणार हेही ऐकणार. आणि ते कुठल्याच कागदावर उमटणार नाही. तुम्ही दोघांनी माझं राहणंही खोटं केलंत आणि जाणंही अवघड केलंत."

तुम्ही दोघांनी. मला त्या 'दोघांनी'चं वाईट वाटलं, पण खोटं नव्हतं.

नर्सबाईंना मीच सांगितलं. मला वाटलं पुन्हा रडतील. तर त्या म्हणाल्या, "म्हणजे आधी पेन हलत नव्हतं, तेव्हाही ओळखत असतील की! दोन वर्षं उगाच मनाला लावून घेतलं मी." आणि केस विंचरायला लागल्या. तुमच्या केंद्रात एवढं तर्कशुद्ध कुणी बोलतं का?

खुर्ची मी अंगणात नेऊन ठेवली होती, फोडायची म्हणून. आज सकाळी भिंगरीची बॅग दाराशी होती, गाडी खाली थांबलेली. दहा वाजायला आले. ती खाली अंगणात गेली आणि खुर्ची उचलून वर घेऊन आली. एकटीने. मी पुढे झालो तर म्हणाली, "मामा, मला माहितीये. तू काही बोलू नकोस."

ताटात घड्याळ काढून ठेवलं. यंत्र चालू केलं. खुर्ची नेहमीच्या जागी, नेहमीच्या अंतरावर ठेवली, बसली, सावकाश वाकली आणि ताईच्या कानात म्हणाली, "आई, मी जाते. ऐकतेस ना?"

पेन वर गेलं.

ती तशीच वाकून राहिली. पेन वरच होतं. कागद पुढे सरकत होता आणि रेघ वरच चालली होती, खाली गाडीवाला हॉर्न वाजवत होता तरी. मग ती उठली, पट्टी फाडली, तारीख न घालता घडी केली आणि आतल्या खिशात ठेवली. माझ्या पाया पडली नाही, मी अपेक्षाही केली नव्हती. जिन्यातून उतरताना मागे वळून बघितलं नाही.

आता दहाला आणि चारला मी बसतो. लाकडी स्टुलावर. सप्टेंबरात तुमचे निरीक्षक येऊ देत, त्यांनाही ते स्टूलच मिळेल. हाक मारण्यापुरतं यंत्र लागत नाही, पण तुमची मालिका खंडित होऊ नये म्हणून चालू ठेवलंय. डॉक्टरांशी जे बोलणं मी दोन वर्षांपूर्वी टाळलं, त्याला आता बसणार आहे. नवरा म्हणून तुम्ही हजर असायला हवं. सोमवारी, अकरा वाजता. यायचं की नाही तुम्ही ठरवा, तुमच्याविषयी मी आता काहीच गृहीत धरत नाही.

आजची दहाची पट्टी मालिकेत नाही. मागू नका, ती तिने नेली. चारची सोबत आहे. ताईला मी आज सगळं सांगितलं, झाकणापासून खुर्चीपर्यंत, मध्ये कुठेही न थांबता. रेघ सरळ आहे.